लुमाण

१

कोश कार्यालयाचं कुलूप रोज सकाळी साडेनऊला मुख्य संपादक स्वतःच्या हातानं उघडत. किल्ल्या दोनच. एक त्यांच्या खिशात, दुसरी त्यांच्याच घरी बायकोच्या कपाटात. कुलूप उघडायचं, पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या ढकलायच्या, पिशवी खुंटीला लावायची, चष्मा पुसायचा आणि मग खुर्चीत बसायचं. सत्तावीस वर्षांत या क्रमात फरक पडला नव्हता. ग्रहण लागो नाहीतर घरी पाहुणे येवोत.

कार्यालयात त्यांना 'पूर्णविराम' म्हणत, अर्थात पाठीमागे. वाद कुठल्याही शब्दावर चालू असो, ते टेबलावर दोन बोटं टेकवून 'झालं' म्हणायचे आणि त्यापुढं ब्र काढायची कुणाची प्राज्ञा नसायची.

त्या सोमवारी पूर्णविराम खुर्चीत बसले आणि इंगळी डसल्यासारखे उठले.

खुर्ची गरम होती.

आता खुर्ची गरम असणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. पण शनिवार-रविवारची सुट्टी झालेली, दाराला कुलूप, सकाळची वेळ, आणि ऊन काही दुपारी तीनच्या आधी त्या खोलीत पाऊल टाकत नसे. त्यांनी गादी उलटी केली, खुर्चीखाली वाकून पाहिलं. मग उगीचच टेबलाखालीही पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटून सरळ उभे राहिले.

दहा वाजता शिपाई मावशी आल्या. मावशींची एक पद्धत होती. साहेबांचा फोन आला आणि साहेब जागेवर नसले की त्या खुर्चीवर तळवा टेकवायच्या. गरम लागली तर सांगायच्या, "इथंच आहेत, येतील." गार लागली तर, "नाहीत." हा अंदाज कधी चुकला नव्हता.

"मावशी, जरा खुर्चीला हात लावून बघा."

मावशींनी हात लावला. "आत्ता उठलात ना?"

"मी अर्धा तास उभा आहे."

"मग दुसरं कुणी बसलं असेल."

"कोण बसणार? कुलूप मी उघडलं!"

"ते मला काय विचारता, साहेब? हात सांगतो तेवढं मी सांगते," असं म्हणून मावशी झाडू शोधायला गेल्या.

२

त्याच दिवशी टपालातून पहिलं कार्ड आलं.

कार्यालयाचं काम असं होतं: एक शब्द घ्यायचा आणि तो किती भाषांत आहे, कुठं काय अर्थानं वापरतात, मुळात आला कुठून, याचा माग काढायचा. शब्द म्हणजे कशी फिरस्ती जात. एका गावात देव, दुसऱ्या गावात शिवी, तिसऱ्या गावात भांड्याचं नाव. गावोगावचे माहितगार कार्डं पाठवत. कार्डावर चार रकाने: शब्द, अर्थ, कुठून आला, आणि साक्षीदार. म्हणजे ज्याच्या तोंडून शब्द ऐकला, तो जिवंत माणूस. अशा तीन साक्षी जमल्या की शब्द कोशात. नाही जमल्या तर शब्द बाहेर, मग तो कितीही गोजिरवाणा असो.

उपसंपादक बाई कार्ड घेऊन आत आल्या. पस्तिशीच्या, नाकासमोर चालणाऱ्या, आणि म्हणूनच पूर्णविरामांना जरा त्रासदायक.

"सर, हे बघा. आपल्या जुन्या आवृत्तीतून काढून टाकलेला शब्द. डोंगरातल्या मेंढपाळांच्या बोलीत सापडलाय."

पूर्णविरामांनी वाचलं. शब्द: लुमाण. अर्थ: बाहेर गेलेल्या माणसासाठी घरात राखून ठेवलेली जागा. कुठून आला: होडीवाल्यांकडून. साक्षीदार: एक लोकर कातणारी म्हातारी.

"असा शब्द नाही," ते म्हणाले.

"पण साक्ष आहे."

"म्हातारी बरळली असेल. झालं."

दोन बोटं टेबलावर टेकली. बाई गेल्या. पूर्णविरामांच्या कपाळावर मात्र घाम आला होता, कारण असा शब्द नाही हे त्यांच्याइतकं खात्रीनं दुसरं कुणी सांगूच शकलं नसतं. त्या शब्दाचं बारसं त्यांनीच जेवलं होतं.

३

कोशाचा धंदा वरून सोवळा दिसतो, पण आत चोऱ्यांना तोटा नाही. कुणी वीस वर्षं शब्द गोळा करावेत आणि कुणी वीस दिवसांत ते उतरवून स्वतःच्या नावावर छापावेत. म्हणून कोशकार एक काटा पेरून ठेवतात. हजारो खऱ्या शब्दांत एक खोटा शब्द. तो दुसऱ्याच्या कोशात उगवला की चोर मुद्देमालासह हाती. कार्यालयात त्याला 'चोरशब्द' म्हणत. नियम एवढाच, की तो दोघांनी मिळून रचायचा, एका कागदावर दोघांनी सह्या करायच्या आणि पाकीट लाखेनं बंद करून ठेवायचं. म्हणजे उद्या कुणी बोट दाखवलं तर पाकीट दाखवता येतं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी कोशाला दोन संपादक होते. एक पूर्णविराम. दुसरा त्यांचा कॉलेजपासूनचा जोडीदार, स्वल्पविराम. त्याचं एकही वाक्य पुरं होत नसे. मध्येच थांबायचा, पेन्सिलीचं टोक चावायचा, नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायचा आणि वाक्य तिथंच टाकून नव्या शब्दामागे धावायचा. पण कान असा, की दोन गावांच्या मधल्या ओढ्यावर शब्दाचा अर्थ कसा बदलला हे सांगायचा.

लुमाण हा शब्द त्याचा. "बघ," तो म्हणाला होता, "माणूस उठून गेला, की खुर्चीत जी ऊब राहते ना, तिला नावच नाही कुठं. म्हणजे एवढी रोजची गोष्ट, आणि..."

"आणि काय?"

"आणि ती बिचारी बिननावाची."

दोघं पोट धरून हसले होते. सह्या झाल्या, लाख लागली.

वर्षभरात समितीतल्या एका जाणत्या सभासदानं तो शब्द हेरला. साक्षीदार कुठं आहे? कार्डावर तर स्वल्पविरामाचं अक्षर. स्वल्पविरामानं शांतपणे सांगितलं, तो चोरशब्द आहे, पाकीट आहे, याला विचारा.

समितीनं पूर्णविरामांना विचारलं. तेव्हा मुखपृष्ठावर दोन नावं होती आणि मुख्य संपादकाची खुर्ची एकच होती. पाकीट त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. छातीला टोचत होतं.

"मला यातलं काही माहीत नाही," पूर्णविराम म्हणाले.

जोडीदारानं त्यांच्याकडे पाहिलं. "अरे, पण आपण..." एवढंच बोलला. नेहमीसारखं वाक्य अर्धंच राहिलं. खोटे शब्द पाडणारा म्हणून त्याचं नाव मुखपृष्ठावरून निघालं, आणि पुढचं वर्ष सरायच्या आत तो जगातूनही निघाला. पूर्णविराम त्याच्या खुर्चीत बसले. खुर्ची चांगली होती, बदलायचं कारण नव्हतं.

४

पंधरा दिवसांत आणखी तीन कार्डं आली.

होडीवाल्यांच्या बोलीत लुमाण म्हणजे समुद्रावरून परत न आलेल्याच्या नावानं मांडलेलं ताट. शब्द मिठागरवाल्यांकडून आला. मिठागरवाल्यांत लुमाण ही शिवी: दुसऱ्याच्या जागेवर बसलेला माणूस. शब्द खाणीतून आला. खाणकामगारांत ते चक्क क्रियापद: लुमाणणे, म्हणजे बसल्या जागी वाट पाहणे. शब्द मेंढपाळांकडून आला.

"चौघं एकमेकांकडे बोट दाखवताहेत, सर," उपसंपादक बाई म्हणाल्या. त्यांनी मोठ्या कागदावर बाण काढले होते. बाणांचं गोल कडं झालं होतं. "अर्थ वेगळे, पण घर एकच. जागा, आणि नसलेला माणूस. शब्द असा फिरतो तेव्हा खोटा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत."

"मी पुष्कळ काय काय शिकवलंय."

"तीन लागतात, चार साक्षी आल्यात. मी चौघांनाही पत्र टाकलंय. पहिल्यांदा कुणाकडून ऐकला, ते विचारलंय."

इकडे खुर्ची रोज सकाळी गरम. पूर्णविराम बुद्धीनं चालणारे गृहस्थ. त्यांनी खुर्ची भिंतीपासून लांब ओढली, गादी बदलली, एकदा खुर्चीच बदलली आणि मावशींची लाकडी खुर्ची आत आणली. दुसऱ्या दिवशी मावशींची खुर्ची गरम. शेवटी ते घरातून तापमापक घेऊन निघाले.

"खुर्चीचा ताप बघणार?" बायको दारातच म्हणाली. तिला आदल्या रात्री अर्धवट सांगितलं होतं, ही चूक झाली होती. "बघा बाई. माझा ताप बघायला कधी सवड झाली नाही. खुर्चीचं नशीब थोर."

"तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं. त्या खुर्चीसाठी तुम्ही काय केलंत ते मी कधी विचारलं नाही, एवढंच."

पूर्णविरामांनी गादीवर तापमापक ठेवून वर रुमाल दाबला. पारा साडेअठ्ठ्याण्णववर थांबला. ताप नव्हता. निरोगी माणसाच्या अंगात असावी तेवढीच ऊब होती. तापमापक त्यांनी खणात टाकला, तेव्हा हाताला पेन्सिल लागली. नवी कोरी, कालच टोक काढलेली. दुसऱ्या टोकाला दातांचे व्रण होते, आणि लाकूड अजून ओलसर होतं.

उंदीर, ते स्वतःशी म्हणाले. कार्यालयात एकही उंदीर कधी दिसला नव्हता, पण माणसाला एवढीही सवलत नको का?

५

पत्रांची उत्तरं आली, आणि तीन नव्या भाषांतून तीन नवी कार्डं. साती कार्डांत 'कुठून आला' या रकान्याचं उत्तर आता एकच होतं: एका पाहुण्याकडून.

बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. पाहुणा किडकिडीत. कानावर पेन्सिल. बोलता बोलता मध्येच थांबायचा. घरात बसायचा, म्हाताऱ्यांशी गप्पा मारायचा, उठून जायचा, आणि बसली जागा दिवसभर गरम राहायची. तेव्हापासून आम्ही तसं म्हणतो. होडीवाल्यांकडे तो कधी आला? आजोबांच्या लहानपणी. मिठागरात? मुलाच्या लग्नाच्या साली. शेवटचं कार्ड विणकरांचं होतं. तिथं पाहुणा गेल्या महिन्यात येऊन गेला. जाताना म्हणाला, आता माझ्या जागेवर जातो.

"शंभर वर्षं हिंडणारा एकच माणूस!" पूर्णविराम हसले. हसू कोरडं पडलं. "कुणीतरी चेष्टा करतंय."

"सात भाषांत?" बाईंनी एक जुनी वही पुढं केली. "मी समितीचं इतिवृत्त काढलं. तुमचे सहसंपादक म्हणाले होते, की पाकीट आहे. सर, पाकीट होतं का?"

प्रश्न साधा होता. शुक्रवारी शेवटची मुद्रितं छापायला जायची होती. शब्द आत घेतला तर खाली टीप द्यावी लागणार: पूर्वी खोटा ठरवलेला, चुकीनं. मग चूक कुणाची, हे कुणीतरी विचारणार. पाकीट दाखवलं तर मेलेल्या माणसाचं नाव मुखपृष्ठावर परत येणार आणि जिवंत माणसाचं खाली उतरणार.

"सांगतो," पूर्णविराम म्हणाले. 'झालं' म्हणायला त्या दिवशी त्यांना जमलं नाही.

संध्याकाळी पाय त्यांना वहिनींच्या दारी घेऊन गेले. जोडीदाराची बायको. जोडीदाराला खांदा दिल्यापासून ते एकदाही तिकडे फिरकले नव्हते. तिसरा मजला, कठड्याला वाळत घातलेली चादर, आत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. वहिनींचे केस पार पांढरे झाले होते.

"या, भावजी. वाट चुकलात?"

"सहज आलो." ते पुढच्या खुर्चीत बसायला वाकले.

"तिथं नका बसू."

"का?"

"तिथं लुमाण आहे." वहिनी हे अशा आवाजात म्हणाल्या, जसं एखादी बाई म्हणते, तिथं ओलं आहे.

पूर्णविराम वाकलेलेच राहिले. "हा शब्द... वहिनी, तो शब्द त्यानं..."

"तुमचंही वाक्य अर्धं राहायला लागलं की!" वहिनी हसल्या. "घरात आम्ही म्हणायचो. कोशात नसला म्हणून काय झालं? दिवसभर हिंडतात कुठं कुठं, पण जेवायच्या वेळेला ती खुर्ची गरम असायची. महिना झाला, गारच असते. म्हटलं, आता तुमच्याकडे असतील."

"वहिनी, तो गेला. मी स्वतः खांदा दिलाय."

"दिलात खरा. हात द्यायचा तेव्हा नाही दिलात." त्यांनी चादर काढून घडी घालायला घेतली. "पाकीट असेल ना अजून? तुम्ही लोक चिटोरंसुद्धा फाडत नाही. हे म्हणायचे, तो घाबरट आहे, पण कागद फाडणार नाही. एवढा भरवसा होता हो त्यांना तुमचा."

६

खरंच, पाकीट होतं. कार्डखोलीतल्या सर्वांत खालच्या खणात, मागच्या बाजूला, लाखेसकट. वहिनींचं बरोबर होतं. कोशकार कागद फाडत नाही. हा एवढाच धर्म पूर्णविरामांनी आजवर पाळला होता.

शुक्रवारी दुपारी मावशी आणि बाई डबा खायला गेल्या, तेव्हा ते सात कार्डं घेऊन कार्डखोलीत शिरले. ही खोली त्यांच्या खोलीला लागूनच, मधलं दार बोटभर उघडं. त्यांनी पाकीट काढलं. लाख फुटली. आत दोन सह्या, एकीखाली एक, आणि कोपऱ्यात जोडीदारानं काढलेलं खुर्चीचं वेडंवाकडं चित्र.

आता एक सांगायला हवं. तेवढ्या वेळात त्यांच्या मनात एकदा येऊन गेलं, की हा कागद बाईंच्या टेबलावर ठेवावा आणि घरी जावं. फार सोपं होतं. दहा पावलांचं काम. पण सत्तावीस वर्षं बसलेल्या माणसाला दहा पावलंही लांब पडतात.

त्यांनी कागद फाडला. मग कार्डं. मेंढपाळ, होडीवाले, मिठागर, खाण, एकेक करून सातही. फाडण्याचा आवाज त्या खोलीत फार मोठा झाला.

तो थांबला, तेव्हा पलीकडून दुसरा आवाज ऐकू आला. कुणीतरी नाकातल्या नाकात गुणगुणत होतं.

पूर्णविरामांनी दाराच्या फटीला डोळा लावला. खुर्ची खिडकीकडे वळलेली होती. त्यांनी ती तशी ठेवली नव्हती. पाठ उंच, त्यामुळे पलीकडचं दिसेना. फक्त खुर्चीच्या हातावर विरलेल्या शर्टाची एक बाही होती, आणि बाहीच्या पुढं पेन्सिल, वाक्य आठवत असल्यासारखी हळूहळू फिरणारी.

गुणगुणणं मध्येच तुटलं. पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग गादीनं सोडला तो लांब, दमलेला उसासा. बऱ्याच वेळानं कुणी उठलं की गादी सोडते तसा.

खोलीत कुणी नव्हतं. ते आत गेले आणि मुद्रितावर त्या शब्दापुढं 'वगळावा' असं लिहून सही केली.

"कार्डं?" बाईंनी परत आल्यावर विचारलं.

"कुठली कार्डं?"

बाईंनी हातातला डबा खाली ठेवला. "असं कसं म्हणता, सर? आपण दोघांनी..."

"मला यातलं काही माहीत नाही. झालं," पूर्णविराम म्हणाले.

७

सोमवारी साडेनऊला कुलूप उघडलं, खिडक्या ढकलल्या, पिशवी खुंटीला, चष्मा पुसला. पूर्णविरामांनी श्वास रोखून खुर्चीवर हात ठेवला.

गार.

गेला एकदाचा! त्यांना इतकं हलकं वाटलं, की पेन्सिलीनं त्यांनी टेबलावर ताल धरला. दोन तास ते मन लावून काम करत बसले. मावशी पाणी ठेवायला आल्या नाहीत, बाई 'नमस्कार सर' म्हणायला डोकावल्या नाहीत. रागावल्या असतील, होईल दोन दिवसांत ठीक. साडेअकराला एक जुनं कार्ड पाहायला ते उठून कार्डखोलीत गेले.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. मावशी आत आल्या. फटीतून त्यांचा हात दिसला. तळवा खुर्चीवर टेकला, क्षणभर थांबला, आणि पोळल्यासारखा मागे आला.

"नाही हो," मावशी फोनवर सांगत होत्या. "आज आलेच नाहीत."

"मावशी!" पूर्णविराम म्हणाले. म्हणजे तोंड तरी उघडलं.

"दार उघडंच होतं. शुक्रवारी राहिलं असेल. नाही नाही, हात लावून बघितलं ना. बर्फ आहे नुसता."

ते बाहेर आले, खुर्चीवर हात टेकवला. मिनिटापूर्वी दोन तास बसून उठले होते. खुर्ची गार होती. ते परत बसले. घड्याळ लावून दहा मिनिटं अंग दाबून बसले, उठले, हात लावला. गार. मग त्यांनी खणातून तापमापक काढला, झटकून पारा खाली उतरवला आणि या वेळी स्वतःच्या काखेत धरला. तीन मिनिटं. पाच मिनिटं. पारा जिथं होता तिथून हलला नाही.

काचेपलीकडे बाई मावशींना विचारत होत्या, "शुक्रवारी राहिलेली मुद्रितं कुणाच्या सहीनं पाठवायची? सर कुठं गेले?"

"ते मला काय विचारता, बाई? हात सांगतो तेवढं मी सांगते."

पूर्णविराम खुर्चीत बसले. पुष्कळ वेळ बसलं की ऊब येईल, त्यांनी विचार केला. खुर्ची गरम झाली की उठायचं आणि दहा पावलं चालून सगळं सांगून टाकायचं. पाकीट नसलं म्हणून काय झालं, तोंड तर आहे. फक्त आधी ऊब येऊ दे.

ते अजून बसलेत. कोश छापून झाला, कार्यालयात नवा रंग लागला, बाई मुख्य संपादक झाल्या आणि त्यांनी दुसरी खुर्ची मागवली. जुनी कोपऱ्यात आहे. कुणी तिच्यात बसत नाही. तुमचा विश्वास बसत नसेल तर जाऊन हात लावून या. भर उन्हाळ्यात, दुपारी तीनला, पश्चिमेचं ऊन थेट गादीवर पडलेलं असताना लावा.